बीबीसी मायक्रोची फ्लॉपी ड्राइव्ह: दिवा विझत नसेल तर

ऐरोलीहून तुम्ही लिहिलंय की बीबीसी मायक्रोला (1980 च्या दशकातला ब्रिटिश संगणक) पीसीतली साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह लावली आणि तिचा दिवा लागला तो विझतच नाही. याच चर्चेत वर एकांनी ड्राइव्हच बदलायला सांगितलंय. कृपया इतक्यात बदलू नका. ही बहुतेक वेळा उलट्या केबलची खूण असते. 34 पिनांपैकी विषम क्रमांकाच्या पिना ग्राउंडच्या असतात. केबल उलटी लागली की सगळे सिग्नल ग्राउंडला टेकतात आणि ड्राइव्ह कायम जागी राहते. मशीन बंद करून रिबनची (म्हणजे त्या चपट्या केबलची) लाल कड पिन 1 कडे आहे ना, ते बघा.

आता केबलला पीळ आहे का पाहा. पीसीच्या केबलमध्ये 10 ते 16 या तारा पिळून उलटवलेल्या असतात. इथे सरळ केबल लागते. शिवाय पीसीची ड्राइव्ह सहसा ड्राइव्ह क्रमांक 0 वर नाही, 1 वर सेट असते. म्हणून सरळ केबल लावून ‘स्टार कॅट 1’ (*CAT 1, म्हणजे ड्राइव्ह 1 मधल्या फ्लॉपीची यादी दाखवणारी आज्ञा) द्या. नुसता दिवा लागला तरी ड्राइव्ह सापडली म्हणायची, मग फ्लॉपीकडे वळा. ती डबल डेन्सिटीची हवी, 1.44 एमबीची हाय डेन्सिटीवाली नको.

खाडीकाठच्या दमट हवेत पिना काळवंडतात, त्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्या.

1984 च्या क्लास (CLASS) या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पातून ही मशीन्स आपल्याकडच्या शाळांत आली. चालू स्थितीतलं एकेक टिकायलाच हवं. सरळ केबल मिळाली नाही तर कळवा, नौपाड्यात माझ्याकडे एक जास्तीची आहे.