अनुभव धागा: हातात भारी पान आणि टेबलावर दोन बदाम

टेक्सास होल्डेम (पोकरचा प्रकार: हातात दोन पानं, टेबलावर सर्वांची मिळून पाच) खेळणाऱ्यांसाठी हा धागा. फ्लॉपवर (टेबलावरची पहिली तीन पानं) तुम्हाला सेट (हातातली जोडी आणि टेबलावर तिसरं तेच पान) किंवा मोठी जोडी लागली आहे, पण दोन बदामही (किंवा इस्पिक, किलवर, काहीही) पडलेत आणि समोरचा मुकाट कॉल करत (तुमच्याइतकेच पैसे लावत) सुटलाय. किती लावलंत? तिसरा बदाम पडल्यावर काय केलंत? नुसतं 'नशीबच फुटकं' नको, पानं आणि पॉट (मधे जमलेले पैसे) लिहा.

हिशेबी_गडी
माझ्याकडे किलवर आणि चौकट नव्वी. फ्लॉप: बदाम नव्वी, बदाम पंजी, इस्पिक दुर्री. पॉट 100. अशा फ्लॉपवर सेट लपवून चेक करणारे (काही न लावणारे) बरेच असतात, मला ते कधीच पटलेलं नाही. 70 लावल्या. बदामाच्या आशेवर बसलेल्याला 240च्या पॉटसाठी 70 घालायच्या, म्हणजे 29 टक्के तरी शक्यता हवी. त्याच्या कामाची पानं 9, न दिसलेली 47, म्हणजे पुढच्या पानावर जेमतेम 19 टक्के. तरी त्याने कॉल केला.

टर्नला (चौथं पान) किलवर राजा. पॉट 240, मी 180. तो थोडा थांबला, चिप्सच्या दोन गड्ड्या एकमेकींत सरकवल्या आणि कॉल. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) बदाम दुर्री! मी चेक केलं, त्याने क्षणात ऑल-इन (सगळ्या चिप्स आत), मीही तितक्याच झटकन कॉल. त्याच्याकडे बदाम एक्का-सत्ती. फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) लागला खरा, पण त्याच दुर्रीने माझं फुल हाऊस (तीन एकसारखी आणि एक जोडी, फ्लशपेक्षा वरचं) झालं. तो 9 पानं मोजत होता, सेटसमोर टर्ननंतर त्याची साफ पानं 7च होती. ती दुर्री माझी, बदाम राजाही माझाच.

शेवटचं_पान
मी पलीकडच्या बाजूचा, बदामावर कॉल करणारा. तुमच्यातले जे घाबरत घाबरत लावतात ते माझे लाडके. पॉट 90 आणि बेट 30 असेल तर मला 150च्या पॉटसाठी 30 घालायचे, म्हणजे 20 टक्के पुरे. एवढं तर पानांतूनच जवळजवळ भरून निघतं. शिवाय बदाम आल्यावर तुम्ही हट्टाने जे देता ती वरकमाई. अर्धा पॉट लावलात तर मी आधी तुमच्या उरलेल्या चिप्स बघतो. भरपूर असतील तर येतो, नाहीतर पानं टाकतो. फुकट पान देणाऱ्यांचं तर काय बोलावं!

दुर्रीतिर्री
माझा सेट अठ्ठ्यांचा. फ्लॉप किलवर अठ्ठी, बदाम राजा, बदाम तिर्री. टर्नला बदाम गुलाम. फ्लॉपभर गप्प बसलेल्या माणसाने 300च्या पॉटमध्ये स्वतःहून 100 लावल्या. मला तर फ्लश समोर लिहून ठेवल्यासारखा दिसत होता. तरी कॉल केला. बोर्डवर जोडी झाली की माझं फुल हाऊस, ती 9 पानं, आणि चौथी अठ्ठी धरून 10. 46 पैकी 10 म्हणजे सुमारे 22 टक्के, आणि 500च्या पॉटसाठी 100 म्हणजे भाव 20 टक्क्यांचा होता. रिव्हरला चौकट छक्की. मी चेक, त्याने 400, मी फोल्ड (पानं टाकली). त्याने पानं दाखवली नाहीत, मीही विचारलं नाही. त्याने टर्नला 300 लावल्या असत्या तर मी तिथेच हात सोडला असता.

पिसलेला_कॅट
एक्क्यांची जोडी असेल आणि त्यातला एक एक्का बदामाचा, तर मी बराच निवांत असतो. सर्वात वरचा फ्लश समोरच्याकडे असूच शकत नाही. बिनबदामी एक्के असतील तर तिसऱ्या बदामानंतर हात आवरता घेते.

जोकर_बाद
सगळे 9च मोजताय. माझ्याकडे राजांची जोडी, फ्लॉप बदाम अठ्ठी, बदाम सत्ती, चौकट दुर्री. समोर बदाम दश्शी-नव्वी. त्याला बदामही चालतात आणि छक्की-गुलामही. एकूण 15 पानं, दोन पानांत त्यातलं एक यायची शक्यता 54 टक्के. पैसे फ्लॉपवरच आत गेले आणि खरं तर तोच पुढे होता. त्याला गुलाम लागला.

सावकाश_कॉल
वरच्या प्रतिसादांमुळे नवखे उगाच घाबरतील, म्हणून उलटा अनुभव. सेट, रिव्हरला तिसरा बदाम, बाकी टेबल एकदम 'हं, आलाच'. मी पॉटच्या पाव भागाइतकं लावलं. समोर राण्यांची जोडी होती, तिने सुस्कारा टाकत कॉल केला. फ्लॉपपासून कॉल करणारा प्रत्येक जण बदाम धरून बसलेला नसतो. तिथे चेक केलं असतं तर तिनेही चेकच केलं असतं.

दुर्रीतिर्री
@सावकाश_कॉल, आणि तिने मोठा रेज केला (तुझ्यावर आणखी वाढवलं) असता तर?

सावकाश_कॉल
फोल्ड. रिव्हरला तीन बदामांवर रेजचा ब्लफ करणारे मला फारसे भेटलेले नाहीत. पॉटमध्ये तीन-चार जण असले तर मात्र मी ते पाव पॉटही लावत नाही.