शब्दचर्चा : पेशी, स्नायू, मांसपेशी

प्रश्न
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमातून झाली, त्यामुळे पेशी, ऊती, अवयव, संस्था हा क्रम पक्का आहे. मैत्रिणीच्या हिंदी नोट्समध्ये मात्र आपली पेशी म्हणजे ‘कोशिका’ आणि आपला स्नायू म्हणजे ‘पेशी’. मग दंडाच्या स्नायूला मराठीत मांसपेशी म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद
नाही म्हटलेलंच बरं. मराठीत पेशी हा शब्द सजीवाच्या सर्वांत लहान घटकाला दिलेला आहे. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आता घराघरांत बोलतात. स्नायू अशा असंख्य पेशींचा बनतो. त्याच्या एकेका पेशीला ‘स्नायूपेशी’ म्हणा. दंडाचा स्नायू हा अवयव झाला, कारण त्यात स्नायूऊतीबरोबर संयोजी ऊती, रक्तवाहिन्या आणि चेतातंतूही असतात. अख्ख्या स्नायूला मांसपेशी म्हटलं की पेशी आणि अवयव या दोन पायऱ्या एकमेकींत मिसळतात.

प्रतिसाद
हिंदीवाल्यांचा अर्थ जुना आहे, एवढं मात्र नोंदवायला हवं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी ५०० सांगितल्या आहेत, त्या मांसाच्याच. स्नायू ९०० आहेत आणि त्यांचं काम बांधून ठेवण्याचं: फळ्यांची नाव बंधनांनी नीट बांधली की भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले, असा तिथला दृष्टान्त आहे. म्हणजे तो स्नायू आजच्या अस्थिबंधाच्या जवळचा. बंगालीत तर स्नायू म्हणजे चेतातंतू! शब्द एकच, प्रत्येक भाषेने तो वेगळ्या अवयवाला दिला. आयुर्वेद शिकणाऱ्यांनी संहितेतला शब्द संहितेच्याच अर्थाने वाचावा.

प्रतिसाद
फरक हाताला लागतो. कोपर काटकोनात वाकवा, तळवा वर करा आणि दुसऱ्या हाताने मनगट खाली दाबत असताना त्याला विरोध करा. दंडाच्या पुढच्या बाजूला फुगतो तो स्नायू. कोपराच्या खळग्यात ताठ दोरीसारखं लागतं ती स्नायूरज्जू. ती स्नायूला हाडाशी जोडते. हाडाला हाड जोडतो तो अस्थिबंध.

मूळ प्रश्नकर्ती
करून पाहिलं, लगेच कळलं. आणखी एक विचारते. जुन्या मराठी पुस्तकात रोहिणी आणि नीला आहेत, आमच्याकडे धमनी आणि शिरा शिकवतात.

प्रतिसाद
रोहिणी म्हणजे धमनी, नीला म्हणजे शिरा. मला जुनी जोडी फार आवडते, पण ती रंगावरून पडलेली आहे आणि फुप्फुसाशी येऊन अडते. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं, काळपट रक्त असतं, तरी ती धमनीच. रक्त हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा, एवढीच कसोटी धरा.

वॉर्डात मात्र कान वेगळा ठेवा. ‘मानेची शीर आखडली’, ‘शिरेवर शीर चढली’ असं पेशंट सांगतो तेव्हा बहुतेकदा स्नायू आखडलेला असतो, रक्तवाहिनीचा संबंध नसतो. त्याला दुरुस्त करत बसू नका; कुठे दुखतंय ते बोटाने दाखवायला सांगा. नोंद लिहिताना मात्र नेमकाच शब्द हवा. स्नायूत द्यायचं इंजेक्शन आणि शिरेतून द्यायचं इंजेक्शन, यांत गफलत होऊन चालत नाही.