बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोरी अडकली होती, काढली, पण आता कंप येतोय. मुरुडहून मुंबईला इंजिनवर यावं का?

खारा_वारा३०
नमस्कार मंडळी, सध्या राजपुरी खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून बसलोय, समोर जंजिरा दिसतोय, रेंज येतेजाते म्हणून सगळं एकदमच लिहून टाकतो. माझी ३० फुटी शिडाची बोट आहे, डिझेल इंजिन, साधा शाफ्ट ड्राइव्ह (इंजिनपासून पंख्यापर्यंत सरळ दांडा), सेलड्राइव्ह (बुडातून खाली उतरणारा गिअरचा पाय) नाही. बोटीवर मी आणि बायको दोघंच. काल पहाटे मुंबईहून निघालो, वारा अजिबात नाही, इंजिनवर चाललो होतो. रेवदंड्याच्या बाहेर चौल कडूच्या खडकाच्या बराच अलीकडे एकदम खालून धाप धाप आवाज आला आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. मागे पाहिलं तर निळी प्लास्टिकची दोरी सुकाणूच्या बाजूने ताणून पाण्यात गेलेली, आणि बोट शेपटीला बांधल्यासारखी जागच्या जागी उभी. लाटा मागून आपटायला लागल्या, थोडं पाणी कॉकपिटमध्येही आलं.
घाबरून मी बोटहुकला सुरी बांधली आणि ताणलेली दोरी कापली. सुटल्यावर ओहोटी ओढायला लागली म्हणून लगेच नांगर टाकला. दोनदा पाण्यात उतरलो पण गढूळपणामुळे स्वतःचं कोपर दिसत नव्हतं आणि दोरी वितळून दगडासारखी झालेली, सुरी नुसती घसरत होती. शेवटी दुपारी खारे वारे सुरू झाल्यावर शिडावर इथपर्यंत आलो, शिडावरच नांगर टाकला (आयुष्यात पहिल्यांदा, बायकोने पुढे उभं राहून अचूक वेळेला सोडला). इथल्या एका मच्छीमार बोटीवरच्या खलाशाने भरतीचं पाणी थांबल्यावर उतरून आरीच्या पात्याने वीसेक मिनिटांत सगळं काढून दिलं. पैसे घ्यायला तयारच नव्हता.
आता प्रश्न असा की इंजिन सुरू होतंय, गिअर पडतोय, पण १८०० आरपीएमच्या वर गेलं की पायाखालची फळी थरथरते. हे आधी नव्हतं. मुंबई साधारण ४० मैल. तसंच हळू यावं, की इथेच कुणाला तरी बोलवावं? आणि रोप कटर (शाफ्टवर बसवायची दोरी कापणारी पाती) लावून घ्यावा का?

दर्यात_२०_वर्षं
दादा, दोघं सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. इंजिन लगेच पुन्हा मारलं नाहीत आणि नांगर टाकलात, हेच सगळ्यात योग्य केलंत. मी मुंबई ते गोवा आणि खाली कोचीपर्यंत बोटी पोचवायचं काम केलंय. बहुतेक लोक काय करतात, इंजिन बंद पडलं की घाईघाईत दोन-तीनदा स्टार्टर मारतात, मागे-पुढे गिअर टाकतात, त्याने दोरी आणखी घट्ट होते आणि शाफ्ट मागे ओढला जातो, कपलिंग (शाफ्ट आणि गिअरचा जोड) सुटतं, इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसतं तो आधार) तुटतो. नंतरचं सगळं नुकसान त्यातलं असतं.
आता तुमचं. निघायच्या आधी हे बघा, सगळं नांगरावर होतं. पहिलं म्हणजे गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन १८०० च्या वर न्या. तेव्हाही फळी थरथरली तर गडबड इंजिन किंवा माउंटकडे आहे, नाही थरथरली तर शाफ्ट किंवा पंख्याकडे. मग इंजिन बंद करा, चावी काढून खिशात घाला, आणि आतून शाफ्ट हाताने फिरवा. सगळीकडे सारखा हलका फिरला पाहिजे. प्रत्येक फेरीत एकाच जागी जड लागत असेल तर शाफ्ट वाकल्याची शंका घ्या. त्यासाठी एक पेन्सिल कशाला तरी टेकवून टोक शाफ्टच्या अगदी जवळ धरा आणि कुणालातरी शाफ्ट फिरवायला सांगा, फट कमी-जास्त होताना डोळ्याला दिसते. चारही माउंटचे बोल्ट टॉर्च लावून बघा, नुसते वरून नाही, पहार घालून इंजिन किंचित उचलून बघा, कारण तुटलेला बोल्टसुद्धा जागेवर बसलेला दिसतो. कपलिंगचे बोल्ट पानाने तपासा.
ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं सील) बघायला विसरू नका. पॅकिंगवाला असेल तर चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब ठीक, धार नको. अर्धा तास चालवून हात लावून बघा, कोमट चालेल, हात टेकवत नसेल तर थांबा.
आणि एक सोपी चाचणी, जी मला फार आवडते. उद्या शिडावर चार-पाच नॉटने जात असताना गिअर न्यूट्रलला ठेवा आणि खाली जाऊन शाफ्टवर कान द्या. पंखा पाण्याने आपोआप फिरतो. एकसारखा गुंगुं आवाज आला तर बरं, टक-टक किंवा खरखर आली तर आत अजून काहीतरी राहिलंय.

साउदॅम्प्टनकर
मी मूळचा दापोलीचा, सध्या इकडे इंग्लंडमध्ये सोलेंटच्या सामुद्रधुनीत बोट चालवतो. आमच्याकडे जाळ्यांऐवजी खेकडे आणि लॉब्स्टरचे पिंजरे असतात आणि वर खूण म्हणून कुणी चांगला बोया लावतो तर कुणी जुना प्लास्टिकचा कॅन, उधाणाच्या ओढीत तो अर्धा पाण्याखाली जातो आणि दिसतच नाही. आरएनएलआय या इथल्या समुद्र-बचाव संस्थेच्या लाइफबोटी अशा अडकलेल्या बोटी ओढून आणायला नेहमी निघतात.
कटरबद्दल माझा अनुभव. चकतीसारखा कटर पातळ दोरीला चालतो, जाड दोरी आली की हरतो. कात्रीसारखी दोन पाती असलेला, ज्याचा एक भाग बेअरिंगच्या आधाराला बोल्टने बसतो, तो जास्त चांगला, पण महाग. आणि बसवण्याआधी शाफ्टवर जागा आहे का, झिंकचा अॅनोड (गंजापासून वाचवणारा तुकडा) कुठे येतो, हे मोजून घ्या. त्याची पाती भयंकर धारदार असतात, नंतर पाण्याखाली कुणीही हात घालणार असेल तर आधी सांगा. माझ्या कटरने दोनदा वाचवलंय, तिसऱ्यांदा मासे पकडायची नायलॉनची बारीक तंगूस पंख्यामागे गेली आणि सीलखाली शिरली, कळलंसुद्धा नाही. माझी सेलड्राइव्ह आहे, महिन्याने गिअरचं तेल बघितलं तर दुधाच्या चहासारखं. बोट वर काढावी लागली. तुमचा शाफ्ट आहे म्हणून हा त्रास तसा होणार नाही, पण हे वाचणाऱ्या सेलड्राइव्हवाल्यांनी दोरी अडकून गेल्यावर तेलाचा रंग नक्की बघावा.

थळचा_नाखवा
मी खांदेरी-उंदेरीच्या पाण्यात धंदा करतो. तुमच्यावर राग नाही दादा, वेळ तशी होती, मागून पाणी आत येत असताना माणूस दोरी कापणारच. फक्त एक सांगतो. कापायच्या आधी जाळ्याच्या बाजूच्या टोकाला काहीतरी तरंगतं बांधा. फेंडर (बोटीच्या कडेला लावायचा फुगा) बांधा, रिकामा कॅन बांधा, काहीही चालेल. कापलेलं टोक खाली गेलं की आमचं जाळं आम्हाला सापडत नाही, ते तळाशी पडून म्हावरं मारत राहतं आणि आमचं नुकसान लाखात जातं.
दुसरं, जाळी कशी असतात ते समजून घ्या. डोल (एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं) ओढीच्या तोंडाशी लावलेली असते, उधाणाला पाण्याला जोर असतो तेव्हा जास्त लागतात, भांगेला (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा) कमी. तेव्हा उधाणाच्या दिवसांत किनाऱ्याने जाताना जास्त सांभाळा. दोन बोये दिसले तर मधून कधीच जाऊ नका, जवळ वाटले तरी. तरंगती जाळी असली तर दोन्ही टोकांना झेंडे असतात, एकच झेंडा दिसला तर दुसरा शोधा, आणि जवळ आमची होडी असेलच, हात करून विचारा, आम्ही कुठून जायचं ते दाखवतो. कुणी ओरडून हात हलवत असेल तर तो भांडत नाही, जाळं सांगतोय. आणि दोरीवरून जायचंच झालं तर गिअर न्यूट्रल करा, नुसत्या वेगावर बोट सरकू द्या, पंखा थांबलेला असला तर बहुतेक वेळा दोरी खालून निघून जाते.
प्लास्टिकची दोरी तरंगते आणि नायलॉनची बुडते, हे पण लक्षात ठेवा. पंख्यात येते ती जास्त करून तरंगणारी.

दर्यात_२०_वर्षं
नाखवा म्हणतायत ते शंभर टक्के. फेंडरचं मी पण नव्या पोरांना सांगतो.
पाण्यात उतरण्याबद्दल राहिलं होतं ते लिहितो, कारण दादा दोनदा उतरले तेव्हा वर वहिनी एकट्या होत्या. लाट असेल तर उतरूच नका. बोटीची शेपटी फूटभर जरी वर-खाली होत असली तरी डोक्यावर आदळली की माणूस बेशुद्ध होतो, आणि आपल्या गढूळ पाण्यात तो वरून दिसत पण नाही. शिडं खाली, शिडी पाण्यात सोडलेली, चावी उतरणाऱ्याच्या खिशात, कमरेला दोर आणि त्याचं टोक वरच्या माणसाच्या हातात, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे, कारण बोटीच्या बुडाला लागलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. सुरीला मनगटाची दोरी. ब्रेड कापायची करवती सुरी साध्या सुरीपेक्षा बरी, पण वितळलेल्या प्लास्टिकला आरीचं पातंच लागतं. ओहोटी-भरतीच्या मधे पाणी थांबतं तेवढ्याच वेळात काम करायचं, ओढीत धरून राहण्यातच सगळी ताकद जाते.
दोरी वितळलेली नसेल तर उतरायची गरजही पडत नाही कधी कधी. सुटं टोक बोटहुकने वर घ्यायचं, एकाने ते ओढत राहायचं आणि दुसऱ्याने आतून शाफ्ट उलटा हाताने फिरवायचा, दोरी जशी गुंडाळली तशी उलगडते.
खडकाकडे वाहत जात असाल आणि नांगर धरत नसेल तर लाजू नका, व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरच्या चॅनेलवर बोला किंवा तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा.

खारा_वारा३०
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं सगळं केलं. न्यूट्रलला २२०० पर्यंत नेलं, तिथेही थरथर होती. मग पहार घालून बघितलं आणि डावीकडचा मागचा माउंट बोटभर उचलला गेला, बोल्ट मधोमध तुटलाय, वरून अगदी नीट दिसत होता. शाफ्ट हाताने सगळीकडे सारखा फिरतोय, पेन्सिलची फट बदलत नाही. ग्लँडला मिनिटाला तीन थेंब. मुरुडमधून त्या मापाचा बोल्ट मिळाला, संध्याकाळी बसवला, आता १८०० वर फळी शांत आहे. अलाइनमेंट मुंबईत पोचल्यावर करून घेईन, तोपर्यंत १५०० च्या वर नेणार नाही.
नाखवा दादा, तुमचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. ज्या खलाशाने दोरी काढून दिली त्याच्या तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) मी जीपीएसवरची जागा लिहून दिलीय, तो म्हणाला रेवदंड्यात त्याच्या ओळखीचे आहेत, तो फोनवर सांगतो. पंख्यातून निघालेली साधारण सात वाव (वाव म्हणजे दोन हात पसरल्याएवढी लांबी) दोरी आणि तिच्या मधली वितळलेली कडी माझ्याकडेच आहे, तीही ज्याची आहे त्याला द्यायची आहे. ज्याचं जाळं आहे तो सापडला तर भरून देईन.
पहाटे मतलई सुटली की चार वाजता निघतोय, दुपारी वायव्येचा वारा तोंडावर यायच्या आत जेवढं वर जाता येईल तेवढं शिडावर जाणार. बायको पुढे टॉर्च घेऊन बसेल. न्यूट्रलमधला शाफ्टचा आवाज ऐकून पोचल्यावर लिहितो.