'सुवाह्य विणप्रकल्प' आणि पडलेला टाका

दोन_सुया:
आमच्या विणकामाच्या वर्गासाठी एक चारपानी पत्रक इंग्रजीवरून मराठीत करते आहे. विषय साधा आहे: लहान मूल सांभाळत असताना हाताशी ठेवायला कुठलं विणकाम घ्यावं. कानटोपी, बाळाचे मोजे, नंतर जोडून पांघरूण करायचे चौकोन वगैरे. मी शीर्षक दिलं होतं 'मुलं सांभाळता सांभाळता विणायच्या छोट्या वस्तू'. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'बालसंगोपनकालीन सुवाह्य विणप्रकल्प' केलं. आत 'टाका पडला तर' होतं, म्हणजे सुईवरून निसटला तर, तिथे 'टाका गळाल्यास' आलं. त्यांचं म्हणणं, टाका पडणं म्हणजे टाका घातला जाणं, जखमेवर पडतो तसा. माझ्या आईच्या तोंडी कायम 'टाका पडला' हेच होतं.
तर, अशा हाताशी ठेवायच्या कामाला चालू मराठीत शब्द आहे का? आणि तुमच्याकडे टाका पडतो, गळतो की सुटतो?

मोरावळा:
प्रकल्प म्हटलं की कोयना डोळ्यांसमोर येतं. बाळाच्या मोज्यांना तो शब्द लावू नका. लोकलच्या बायकांच्या डब्यात रोज ऐकते, 'सध्या काय घेतलंय विणायला?' उत्तर येतं 'मफलर घेतलाय', 'टोपी चालू आहे'. 'घेणं' आणि 'चालू असणं' यांत सगळं येतं. सुवाह्य हा शब्द यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत असू दे.

रांगोळी_डोंबिवली:
मी पाळणाघर चालवते, त्यामुळे हा माझा रोजचा विषय. आम्ही 'मधलं काम' म्हणतो. स्वेटर घरी, मधलं काम पिशवीत.
पण पत्रकात शब्दाआधी एक गोष्ट यायला हवी. मुलांमध्ये बसायचं तर दोन सुयांवरचं मोठं काम नकोच. सुईवर साठ-सत्तर टाके उघडे असतात. मूल मांडीवर झेपावलं, सुई ओढली गेली की सगळे मोकळे, आणि एकेक उचलत बसेपर्यंत दुसरं मूल खिडकीवर चढलेलं असतं. क्रोशाला एकच टाका उघडा असतो. तो लांब ओढायचा किंवा त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. चार-पाच साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उंच टाक्यांचे, चार गट, कोपऱ्यांना साखळ्या. एक लहान चौकोन मुलं दुपारी झोपलेली असताना हातावेगळा होतो. दोन सुयाच हव्या असतील तर चौकोन सगळा सुलट टाक्यांचा घ्या. ओळ कुठे सोडली, उलट की सुलट, हे आठवायला लागत नाही. सुयांच्या टोकांना रबरबँड गुंडाळा. आणि बाजूला ठेवताना सुया उंचावर ठेवा, पिशवीतून टोक बाहेर नको.

शुद्धाक्षर:
माहिती चांगली आहे, पण प्रश्न भाषेचा आहे. 'तिला चार टाके पडले' या वाक्याचा अर्थ कुणीही मराठी माणूस एकच घेईल. छापील मजकुरात अशी शंका ठेवू नये. 'गळणे' अचूक आहे. पानं गळतात, केस गळतात: जे धरून असायला हवं ते सुटून खाली येतं. तपासणाऱ्यांची ती दुरुस्ती रास्त आहे. शीर्षकाबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूचा नाही.

मोरावळा:
अहो, पण विणणारी 'तिला टाके पडले' म्हणतच नाही. 'माझा टाका पडला' म्हणते. 'ला' आणि 'चा' एवढ्यावर अर्थ वेगळे होतात. तुम्ही सांगता तो गोंधळ वाक्यात होतच नाही.

पाटाखाली:
आमच्या घरी झालाय तो गोंधळ. काकूंनी जाऊबाईंना निरोप धाडला, 'बाळाला घेऊन बसले होते, चार टाके पडले.' जाऊबाई रिक्षा करून हजर. त्या कानटोपीचं काम घरात अजून 'टाक्यांची टोपी' म्हणूनच ओळखलं जातं.

इंदूरवाला_मराठी:
इंदूरच्या मराठी घरांत टाका हा शब्द शिवणात. विणकामात 'फंदा', आणि सुयांना 'सलाया'. फंदा पडतो, कुणाला शंका येत नाही.

सराफकट्टा:
इंदूरचा फंदा जास्त नेमका आहे असं मला वाटतं. टाका म्हणजे मुळात सांधा. आम्ही सोनारकाम करणारे दागिन्याला टाका मारतो, त्यासाठी टाकणखार लागतो. जुन्या लिखाणात 'टांका' असा अनुस्वार दिसतो. 1962च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. शिवणातही टाका दोन कापडं सांधतो. विणकामात सांधायला काहीच नसतं, एका फासातून दुसरा फास काढत जायचं. शब्द शिवणातून उचलला, क्रियापद मात्र फासाचं राहिलं. शिवणातला टाका पडतो म्हणजे तयार होतो. सुईवरचा फास पडतो म्हणजे खाली येतो. दोन्ही बरोबर आहेत.

शुद्धाक्षर:
मीमांसा आवडली. तरी छापताना 'गळणे'च ठेवावं असं माझं मत कायम आहे.

मोरावळा:
फासावरून आठवलं. विणणं आणि गाय विणं, दोन्हीकडे 'वीण'. बाळंतविड्यासाठी टोपडं आणि कुंची विणणाऱ्या बायकांच्या भाषेत हे दोन शब्द जवळ आले, ते उगाच नसणार. मला तर दोन्ही एकच वाटतात.

सराफकट्टा:
मोरावळाताई, इथे मात्र मी नाही म्हणेन. जनावर विणं किंवा व्याणं हे संस्कृत 'विजायते'वरून. कापड किंवा लोकर विणणं 'वयति'च्या घराण्यातलं. उच्चार जवळ आले, मुळं वेगळी.

मोरावळा:
मुळं वेगळी असतील. बोलणारीच्या मनात शब्द एकत्र नांदले तर तेही मोजायला हवं ना?

न्यूजर्सी_आत्या:
पत्रक परदेशात जाणार असेल तर कृपया सुईचा नंबर मिलिमीटरमध्येही द्या. आपल्याकडची दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटं, दहा नंबर म्हणजे सहा मिलिमीटर. सासूबाईंच्या कृतीबरहुकूम मी इथल्या दहा नंबरवर बाळाची टोपी विणली, ती बाळाच्या बाबांना बसली.

दोन_सुया:
हे नक्की घालते. 'मधलं काम' मला फार आवडलं, पण वर्गातल्या मुली ते पहिल्यांदा ऐकताना 'कशाच्या मधलं' असं विचारतील का? शीर्षकासाठी अजून काही सुचलं तर सांगा.

पाटाखाली:
'हातचं काम'?

शुद्धाक्षर:
'हातचं' म्हणजे हातात असलेलं, राखून ठेवलेलं. 'हातचं सोडून पळत्यापाठी' मधलं. 'हाताशी' बरं.

खांबसाखळी:
रांगोळीताई, एक शंका. तुमच्या चौकोनाला कड करायची ती मुक्या खांबाची ना? आमच्याकडे त्यालाच अर्धा खांब म्हणतात.

रांगोळी_डोंबिवली:
नाही नाही, दोन्ही वेगळे. मुका खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता केलेला. अर्ध्या खांबाला आधी वेढा घ्यायचा आणि शेवटी सुईवरच्या तिन्ही वेढ्यांतून दोरा एकदम काढायचा. उंची वेगळी येते.

खांबसाखळी:
आमच्या बाईंनी बिनवेढ्याचा तो अर्धा खांब असंच शिकवलं, आणि कोल्हापुरातल्या आमच्या अख्ख्या वर्गात तेच चालायचं. मुका खांब त्याहूनही बुटका, नुसता दोरा ओढून पुढे सरकायचा तो.

इंदूरवाला_मराठी:
मग पूर्ण खांबाला किती वेढे धरता तुम्ही?