शनिवारवाडा नको, तळजाईला जमू

रविवारी दुपारी शनिवारवाड्यात व्लॉगर मंडळींनी जमायचा बेत झकास, पण जागेचा पुन्हा विचार करा. वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. मोबाईलवर चार फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड लावून पंधरा-वीस जणांनी कॅमेऱ्यासमोर बोलत सुटणं वेगळं. परवानगीचा प्रश्न येणारच.

कॅफे सुचवणाऱ्यांनो, तिथली गाणी विसरलात का? मागे स्पीकरवर वाजणारं गाणं रेकॉर्डिंगमध्ये आलं, की यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते हुडकून काढते. मग कष्ट आपले आणि जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाला!

त्यापेक्षा तळजाई टेकडी, सकाळी सात. कोवळं ऊन, चेहऱ्यावर कडक सावल्या नाहीत, हॉर्न कमी. वारा मात्र असतो, तेव्हा माइकला ती केसाळ टोपी चढवा. मध्येच मोर ओरडला तर वैतागू नका, तो ठेवून द्या. ड्रोनवाल्यांनी आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा बघावा. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, तिथे हयगय नको. (खरं तर ड्रोन आणूच नका. त्या घरघरीत कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही.)

आणखी एक. ज्यांना दुसऱ्याच्या व्हिडिओत झळकायचं नाही, त्यांनी हाताला लाल फीत बांधायची. एडिट करताना फ्रेममध्ये फीत दिसली की तो तुकडा कापायचा, वाद नाही. आणि पहिला अर्धा तास कॅमेरे पिशवीतच, नाहीतर सगळे एकमेकांना शूट करत बसतात आणि गप्पा राहतात बाजूला.

नाश्ता टीटीएमएम. फिती मी आणतो.