मदत हवी आहे: कडबनवाडी-भिगवण, शिकारी पक्षी आणि चौदा माणसं

मंडळी,
जानेवारीत एका शनिवार-रविवारी आमचा गट पुण्याहून भिगवणकडे निघतोय. चौदा जण, त्यात दोन शाळकरी पोरं आणि सत्तरी उलटलेले एक काका. भिगवण म्हटलं की सगळे रोहित (फ्लेमिंगो) बघायला पळतात, आम्हाला मात्र या खेपेला शिकारी पक्षीच बघायचेत. (रोहित समोर आले तर डोळे मिटणार नाही, ते सोडा.)

शनिवारी दुपारपासून अंधार पडेपर्यंत इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडीचं माळरान आणि रविवारी भिगवणजवळच्या कुंभारगावहून, उजनी धरणाच्या पाण्यात, होडीतून कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी), मार्श हॅरियर, असा बेत आहे.

घोडं अडलंय ते शनिवारच्या संध्याकाळी. हॅरियर (लांब पंखांचे, गवतावरून खालून उडत शिकार करणारे पक्षी) दिवसभर माळावर नाकतोडे, उंदीर, चिमण्या-चंडोल हुडकत फिरतात आणि सूर्य बुडायच्या सुमाराला गवतात, थेट जमिनीवरच, एकत्र मुक्कामाला उतरतात. ते बघायचंय. पण चौदा माणसं कडेला उभी राहिल्यावर पक्षी उतरतील कशाला? गाडीतच बसावं का? किती लांब थांबावं? दोन गट करावेत असं मला वाटतं, पण स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण) एकच आहे आणि त्यावरून भांडणं ठरलेली.

तिथे वनखात्याची माळरान सफारी आहे. एवढ्या जणांचं बुकिंग एकत्र मिळतं का? आणि सूर्यास्तापर्यंत थांबू देतात की आधीच बाहेर काढतात?

माँटेग्यू आणि पॅलिड या हॅरियरच्या दोन जातींच्या ओळखीचंही सांगा. नर जमतात: माँटेग्यूच्या पंखावर आडवी काळी पट्टी, पॅलिडच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर. माद्या दोन्हीकडच्या तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढऱ्या. पॅलिडच्या मादीच्या मानेवरची फिकट कॉलर बघा म्हणतात. मावळतीच्या उजेडात, उडत्या पक्ष्यावर ती खरंच कोणाला दिसते का? दुसरी एखादी खूण असेल तर हवी आहे.

रविवारी होडी आधी की पुन्हा माळ? सापमार गरुड, मोरघार हे माळावरचे मोठे शिकारी पक्षी ऊन तापून हवा वर चढू लागल्यावरच घिरट्या घालतात, म्हणून होडी पहाटे उरकावी असं माझं मत. काकांना पहाटेची थंडी सोसेल का, एवढाच प्रश्न.

गटातले एक जण फोटोसाठी कोंबडीचे तुकडे टाकू म्हणताहेत. त्यांना नाही म्हणून झालंय, त्यावर सल्ला नको.