शाळेत कॉम्प्युटर द्यायचेत, पैसे नेमके कशावर घालायचे?

रानवारा: नमस्कार मंडळी. गरीब देशांतल्या काही शाळांना कॉम्प्युटर द्यायचं आमच्या गटाने ठरवलंय पण एकमत होईना, कुणी म्हणतं प्रत्येक मुलाला टॅब्लेट द्या, कुणी म्हणतं एकच चांगली लॅब करा. तिथे लाईट येते-जाते, नेट जवळपास नाहीच. अनुभव असेल तर सांगा, लोकांनी विश्वासाने दिलेले पैसे आहेत.

कंदील: एका मुलाला एक मशीन हा हट्ट आधी सोडा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटे यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली, तो शंभरात कधी बसलाच नाही, दुपटीच्या आसपास गेला. पेरूने तर लाखांनी घेतले, आणि २०१२ मध्ये ३१९ शाळांचा अभ्यास आला त्यात गणितात नि भाषेत काही फरक दिसला नाही. मुलं मशीन वापरत होती हो, पण शिक्षकांना जेमतेम ट्रेनिंग, धड्यात ते बसवायचं कसं हे कोण सांगणार?

रानवारा: मग उरुग्वेचं कौतुक का होतं? लॅपटॉप तर तेच होते ना?

कंदील: तेच. २००७ ला तिथे प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायची सेइबाल ही सरकारी योजना सुरू झाली, २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना मिळालेसुद्धा. पण त्यांनी सोबत शाळांपर्यंत इंटरनेट नेलं, दुरुस्तीची सोय केली, आणि पुढे तर इंग्रजीच्या बाई लांबून व्हिडिओवर शिकवतात नि वर्गातल्या बाई मुलांसोबत असतात. देश लहान आहे, पेरूच्या डोंगरात हे इतकं सोपं नाही हेही लक्षात घ्या.

तारजोड: मी शाळांच्या लॅब दुरुस्त करतो. मशीन सहसा बिघडत नाही हो, यूपीएसची बॅटरी बसते दोन-तीन वर्षांत, नवीन घ्यायला कुणाकडे पैसे ठेवलेले नसतात आणि तिथेच सगळं थांबतं. दुसरं म्हणजे कुलूप. मशीन डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेलं, मोडलं तर जबाब हेडमास्तरांनी द्यायचा, मग ते खोली उघडतील कशाला? दान देतानाच लेखी द्या की वापरात मोडलं तर शाळेवर जबाबदारी नाही.
नेट नसल्याचं फार मनावर घेऊ नका. कोलिब्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एका कॉम्प्युटरवर धडे आणि व्हिडिओ भरून ठेवायचे, साधा वायफाय राउटर लावला की बाकीच्या मशीनवर ब्राउझरमध्ये उघडतात.

शाईपेन: एकेक मशीन लागतच नाही याला वडोदऱ्याचं उदाहरण आहे. अर्थतज्ज्ञ अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास, चौथीची मुलं, आठवड्याला दोन तास, एका कॉम्प्युटरवर दोघं, गणिताचे खेळ. मार्क चांगले वाढले. मात्र कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फायदा ओसरला, म्हणून रानवारा, शाळा कमी घ्या पण चार-पाच वर्षं सोडू नका त्यांना.

रानवारा: पटलं. टॅब्लेटचा विचार बाजूला ठेवतो, मशीन निम्मी करून उरलेली रक्कम बॅटरी आणि शिक्षकांच्या ट्रेनिंगसाठी राखायची असं गटात मांडतो. तारजोड दादा, त्या लेखी पत्राचा नमुना असेल तर टाका ना इथे.